भूत कोणाचं?

तुमच्या ऑफिसात परभणीचं कुणी असेल, तर त्याला ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ एकदा तरी ऐकवलं गेलंच असणार. मी तर पुण्यात जॉइन झाल्यापासून ऐकतेय. पण २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये माझा भाव अचानक वधारला. ४ तारखेला ‘मानवत मर्डर्स’ ही वेबसिरीज आली आणि माझ्या तिघी रूममेट्सना शोध लागला, की ते मानवत माझ्याच जिल्ह्यात आहे. मग काय, फ्लॅटवरच्या हॅलोविन पार्टीचं डेकोरेशन आपसूक माझ्याकडे! “तुमच्याकडे तर ओरिजिनल भुतं असतील ना गं?”

(खरं तर मानवतला भूतबीत काही नव्हतं. १९७२ ते १९७४ च्या दरम्यान माणसांनीच माणसं मारली, त्यांत लहान मुली होत्या. आमच्या घरी त्या विषयावर अजूनही कुणी फारसं बोलत नाही. पार्टीच्या मूडमध्ये हे कुठे सांगत बसणार? असो.)

दिवाळीला सगळ्या गावाला जाणार म्हणून पार्टी २६ ला, शनिवारीच उरकायची होती. काळ्या कार्डपेपरची वटवाघळं कापली. कापूस ओढून ओढून कोळ्याची जाळी केली. जुन्या चादरीचं भूत पंख्याला टांगलं. आणि मंडईतून चार किलोचा लाल भोपळा आणला. आयर्लंडमध्ये म्हणे मुळात सलगम कोरायचे. तिथली माणसं अमेरिकेत गेली आणि त्यांना कोरायला सोपा भोपळा सापडला.

सुरी हातात घेतली आणि माझा हात थांबला.

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही. आजीचा नियम. कॉलेजात असताना मी यावरून कडाकडा भांडायचे. मग बाबा हसत स्वयंपाकघरात यायचे, भोपळ्याला एक खाच पाडायचे आणि म्हणायचे, “झालं, आता भांडा.”

बाबा जूनमध्ये गेले.

रूममेटला वाटलं मी माप घेतेय. शेवटी तिनंच चिरला. डोळे, नाक, दात, आत मेणबत्ती. पार्टी सॉलिड झाली, फोटो झकास आले.

३० च्या रात्री ट्रॅव्हल्स पकडली, सकाळी परभणी. योगायोग बघा, त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. गल्लीत सगळीकडे माळा, रांगोळ्या, दारासमोर शेणाच्या गवळणी. आमचंच अंगण मोकळं. वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून फराळ शेजाऱ्यांकडून येत होता. आकाशकंदील नव्हता. तो बाबांचा प्रांत. बांबूच्या कामट्या तासण्यापासून खळ शिजवण्यापर्यंत सगळं ते स्वतः करायचे. विकतचा आणला तर त्यांना राग यायचा.

दुपारी आजीला मोबाइलवर पार्टीचे फोटो दाखवले.

“हे काय लटकवलंय माय?”

“भूत आहे आजी.”

“कोणाचं?”

मी हसले. ती हसली नाही. “मेलेलं माणूस कोणाचं तरी असतंच ना. त्याला काय भ्यायचं?”

मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पितरपाटात आलेले आता परत जायलेत. त्यांना वाट दिसावी म्हणून तर दिवा टांगायचा असतो उंच. तुझा बाप नवा आहे त्यांच्यात. वाट चुकंल.”

मी आकाशकंदील म्हणजे डेकोरेशनच समजत होते. दिवाळीच्या सुमाराला पितरांना उजेड दाखवायची रीत आहे, त्याला उल्कादान म्हणतात, हे मी नंतर वाचलं. त्या दुपारी मी फक्त माळ्यावर चढले. मागच्या वर्षीचा सांगाडा तिथंच होता, कागद फाटलेला, गाठी शाबूत. बॅगेत पार्टीतून उरलेला काळा कार्डपेपर होता, पण त्यातून कसला उजेड येणार! स्टेशनरीच्या दुकानातून पांढरा घोटीव कागद आणला. रंग नाही, झिरमिळ्या नाहीत. लोक काय म्हणतील, ही आईची धास्ती होती, तेवढी तडजोड तिच्यासाठी.

संध्याकाळी टांगायला गेले, तर खिळा बाबांच्या उंचीला ठोकलेला. माझा हात पुरेना. आई दिवसभर यावर एक अक्षर बोलली नव्हती. ती आतून स्टूल घेऊन आली आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.