कुणाला नको, काय बघून ते विचारा

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पहिला घाव बसतो तो सावडीवर. ज्याच्या बैलाला आपला बैल जोडून पेरणी केली, तोच दुसऱ्या गटात गेला म्हणून बांधावरून जाताना मान वळवायची! लोकसभेला एवढे होत नाही. तिथले उमेदवार लांबचे. इथे उभा राहणारा कुणाचा साडू, कुणाचा चुलता.

गेल्या खेपेस आमच्या आळीतली आठ-दहा घरे मतदानाआधी एका संध्याकाळी जमली. पार मुद्दाम टाळला, कारण पारावर बायका बसत नाहीत. एका घरची ओसरी धरली. उमेदवार बोलवायचा नाही आणि चहा त्याच्या पैशाचा नको, हे आधीच ठरले होते. एका म्हातारबाबांनी आणखी एक घातले: 'कुणाला देणार' हे विचारायचे नाही, 'काय बघून देणार' ते विचारायचे.

त्याने बोलण्याची तऱ्हाच पालटली. एक काकू म्हणाल्या, "मला पॅनेल कळत नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी कोण सोडील ते बोला." त्यांच्या सुनेने हळूच विचारले, "पण आत्याबाई, सगळी मते एकाच पॅनेलला द्यावी लागतात ना?"

नाही, तसे नाही. सरपंच थेट लोकांतून निवडण्याची पद्धत २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली परत आली. म्हणून सरपंचाचे मत वेगळे आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेचे वेगळे. तीन जागा असतील तर मते चार. सरपंच या पॅनेलचा, सदस्य त्या पॅनेलचा, असे खुशाल चालते. ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्हसुद्धा नसते. हे कळले आणि ओसरीवरचे तट सैल झाले. दोघे साडू एका सदस्याबद्दल एकमत झाले. सरपंचावरून मात्र उठेपर्यंत वाद घालत होते, पण आवाज न चढवता. (एकाने मध्येच बांधाची जुनी तक्रार काढली. त्याच्या हातात चहाची दुसरी कपबशी दिली.)

तुम्ही बसाल तेव्हा उमेदवारांनी अर्जासोबत दिलेली मालमत्तेची आणि गुन्ह्यांची माहिती कॉलेजातल्या एखाद्या पोरीकडून मोठ्याने वाचून घ्या. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा बाई उभी असेल तर आपले प्रश्न तिच्यापर्यंतच पोचवा, तिच्या नवऱ्यापर्यंत नव्हे. आणि बैठक मतदानाच्या आदल्या रात्री ठेवू नका. त्या रात्री गावात वेगळीच वर्दळ असते, आणि ज्या दारी पाकीट येऊन गेले त्या घरच्या माणसाला चारचौघांत तोंड उघडायचा संकोच होतो.