आधी फाइली, मग लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि ढोबळमानाने २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची मशीन धडधाकट असली तरी अधिकृतपणे बाद ठरतात. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे झेरॉक्सच्या दुकानापासून शाळेपर्यंत संगणक मोडेपर्यंत वापरायची रीत आहे, तिथे हा प्रश्न थेट खिशाचा आहे. त्यावर लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे उत्तर मला पटले. वर्षानुवर्षांची विंडोजची सवय सोडून मी तिकडे वळलो. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे: आपल्याला अडवते ती ऑपरेटिंग सिस्टिमची सवय नव्हे, तर आपण मराठी मजकूर साठवतो ती पद्धत. ती आधी बदलली, तर पुढचे स्थलांतर सोपे होते.

लिनक्स मिंट या आवृत्तीचा मेनू, फाइलींची खिडकी, ब्राउझर यांना हात लवकर सरावतो. खरी अडचण जुन्या मजकुराची असते. श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फाँट नसेल तर पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. असा मजकूर शोधता येत नाही, आणि तो टंकण्याची साधने मुख्यतः विंडोजसाठीच बनलेली आहेत. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक मानकात लिहिलेला मजकूर मात्र विंडोज, लिनक्स, मोबाइल, कुठेही तसाच उघडतो. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली प्रमाणित केलेली इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे मुळातच असते. ती ज्याच्या बोटांत बसली, त्याला टंकलेखन नव्याने शिकावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे: कोरल ड्रॉ, पेजमेकर, डिजिटल सहीचे काही टोकन लिनक्सवर थेट चालत नाहीत. हे खरे आहे. लग्नपत्रिका आणि पत्रके छापणाऱ्याने सगळी मशीन एका दिवसात बदलावीत, असे मी म्हणणार नाही. त्या कामाला एक विंडोज मशीन ठेवावे. पण अर्ज, पत्रे, हिशेब, प्रश्नपत्रिका आणि इंटरनेट हीच बहुतेकांची रोजची कामे असतात, आणि त्यांना लिबरऑफिस व फायरफॉक्स पुरतात. दुसरा आक्षेप जर्मनीतल्या म्युनिकचा. त्या महापालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, चौदा हजारांहून अधिक संगणक फिरवले आणि २०१७ साली विंडोजकडे परतायचे ठरवले. मग आपला काय निभाव लागणार? म्युनिकला राजकारणही नडले. पण तक्रारींत बाहेरच्या कार्यालयांशी फाइली न जुळण्याचीही तक्रार होती, आणि ती माझ्या म्हणण्याला दुजोराच देते. उलट केरळच्या सरकारी शाळांत गेली जवळपास दोन दशके मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकत आहेत. त्यांच्यामागे जुन्या फाइलींचे ओझे नव्हते, म्हणून तो बदल टिकला, असे मला वाटते.

म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. संगणक पुसायच्या आधी, विंडोजवरच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरायला घ्यावे. दोन्ही तिथे फुकट चालतात. नवा मजकूर फक्त युनिकोडमध्ये लिहावा. जुन्यातला कामाचा तेवढा रूपांतरित करून डोळ्यांखालून घालावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात. हे वेळखाऊ आहे आणि ते टाळायचा मोह होतो, हे मी जाणतो. पण ग्रामपंचायतीचे ठराव, शाळांचे अहवाल, तालुक्यातल्या साप्ताहिकांचे अंक हा आपल्या जिल्ह्याचा लिखित इतिहास आहे. तो एखाद्या फाँटच्या आणि एखाद्या कंपनीच्या मुदतीवर अवलंबून राहू नये. हे काम झाले की पुढे लिनक्स घ्यायचे की नवे विंडोज, हा निर्णय गरज आणि पैसा पाहून ज्याचा त्याला मोकळेपणाने घेता येईल.