तालातली तोफ

पवनारला धाम नदीच्या काठी बसून तोफांचा विचार करणं विसंगत वाटेल, पण प्रश्न नेमका इथेच उलगडतो. १९३८ मध्ये खालावलेली प्रकृती घेऊन विनोबा इथे आले. शेत खणताना भरत-रामभेटीचं शिल्प सापडलं, आणि संग्रहालयात न जाता ते आश्रमातच पूजेला लागलं. जुनी वस्तू वापरात राहिली की तिच्यात जीव राहतो. उघड्या मैदानावरच्या वाद्यवृंदात ऐतिहासिक तोफा उडवाव्यात असं म्हणणाऱ्यांचंही म्हणणं हेच. मला वाटतं, संगीतात तोफ जरूर असावी, पण ती जुनी नसावी.

चायकोव्हस्कीने १८८० मध्ये नेपोलियनच्या रशियातल्या पराभवावर '१८१२' ही रचना केली आणि स्वरलिपीत तोफेचे सोळा बार लिहिले. पाच लढाईच्या कल्लोळात, उरलेले अकरा अखेरच्या जल्लोषात. ज्या आवाजाने गावंच्या गावं उठली, तो इथे मात्रा मोजून येतो, कुणाचा जीव न घेता. यात शस्त्राचा गौरव होतो, ही हरकत विनोबांच्या गावात तरी हसण्यावारी नेता येणार नाही. पण कोल्हापूरला अंबाबाईच्या घटस्थापनेला तोफेची सलामी होते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात रण नसतं, नवरात्र असतं. गोळा काढून घेतला की उरतो तो नाद, आणि नादाला वैरी नसतो.

मग जुनीच तोफ का नको? एक कारण संगीताचंच आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तोफ शंभर मीटरवर असेल तर बार तालाच्या जवळजवळ तृतीयांश सेकंद आधी काढावा लागतो. जुन्या तोफेच्या कान्यात बत्ती दिली की दारू कधी पेट घेईल याचा नेम नाही, सम हुकणारच. दुसरं कारण धातूचं. गंजाने आतून पोखरलेली नळी बाहेरून धडधाकट दिसते. १४६० मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स शेजारची तोफ फुटूनच मेला, आणि ती तर तेव्हा वापरातली होती. शिल्पावर फूल वाहिल्याने शिल्प झिजत नाही. बार मात्र नळीला प्रत्येक वेळी आतून हादरवतो. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मुलूखमैदान आज विजापुरात आहे. तिच्या तोंडाशी सिंहाच्या जबड्यात चिरडलेला हत्ती कोरलाय. एका मैफलीसाठी तो जबडा पणाला लावायचा हक्क कुणालाच नाही. मैफलीला नवी नळी ओतावी, फक्त दारू भरावी, आणि गोलंदाजाला स्वरलिपी वाचायला शिकवावं.