मलावीला जाण्याआधी

डॉक्सिसायक्लिनची पहिली गोळी निघण्याच्या एक-दोन दिवस आधी घ्यायची, तिथे असेपर्यंत रोज एक, आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. गडचिरोलीच्या ग्रामीण रुग्णालयात मी वर्षानुवर्षे फॅल्सिपेरमचा मलेरिया पाहिला, पण गोळी घेऊन कामावर जावे असे कधी मनात आले नाही. आम्ही तिथलेच होतो. ताप आला की बोटाला सुई टोचून रक्त तपासायचे, एवढेच. मलावीतल्या ज्या खेड्यातल्या दवाखान्यात मी आता स्वयंसेवक परिचारिका म्हणून जाणार आहे, तिथल्या सिस्टरही रोज गोळी घेत नसणार. गोळी पाहुण्यांसाठी असते. पाकीट हातात घेतले की माझी तिथली जागा मला नेमकी कळते.

आमच्याकडेही अशी पाहुणी माणसे येत. पुण्या-मुंबईहून, कधी परदेशातून. ती मनापासून येत, हे मी आजही म्हणेन. पण काही जण आल्या आल्या औषधांचे कपाट नव्याने लावत, आणि ते गेल्यावर झटके आलेल्या बाळंतिणीसाठी मॅग्सल्फ शोधताना रात्रपाळीच्या सिस्टरची धावपळ होई. एक तरुण डॉक्टर मात्र वेगळी होती. पहिले कित्येक दिवस ती ओपीडीत आमच्या माडिया बोलणाऱ्या सिस्टरशेजारी नुसती बसून असायची. सिस्टर आधी काय विचारते, मग काय, आजीबाई गप्प झाली की किती वेळ थांबते, हे पाहत राहायची. ती गेल्यावर लोक तिची चौकशी करत. मलावीची तयारी करताना ती मला सारखी आठवते.

म्हणून सध्या मी बॅग भरण्याआधी वाचते आहे. मलावीत प्रत्येक रुग्ण आपली एक छोटी वही जपतो, तिला ‘हेल्थ पासपोर्ट’ म्हणतात. तपासणी, लसी, औषधे, सगळे तिच्यात, आणि वही रुग्णाच्याच ताब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत घड्या पडलेले कागद घेऊन येणारे आमचे रुग्ण आठवले आणि वाटले, ही वही त्यांनाही मिळायला हवी होती. जिल्हा रुग्णालयांत बहुतेक सिझेरियन डॉक्टर नव्हे, तर क्लिनिकल ऑफिसर करतात. डॉक्टरांची वाट पाहत बसणे त्या देशाला परवडणारे नव्हते. रुग्णासोबत आलेला नातेवाईक, तिथल्या भाषेत ‘गार्डियन’, आवारातच स्वयंपाक करतो, अंग पुसतो, उशाशी बसतो. हे मला कोणी समजावून सांगायला नको.

सगळ्यात जास्त रेंगाळले ते २०११च्या निर्णयाशी. एचआयव्ही असलेल्या गर्भवतीला कायमची औषधे द्यायची की नाही, हे तेव्हा सीडी४ पेशी मोजून ठरत असे. खेड्यापाड्यांत ती तपासणी पोहोचत नव्हती. मलावीने ठरवले, मोजणीसाठी थांबायचे नाही. प्रत्येक गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईला औषधे लगेच आणि जन्मभर द्यायची. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही हा मार्ग स्वीकारला. मलेरियाच्या आरटीएस,एस लसीचा पथदर्शी कार्यक्रमही सर्वांत आधी इथेच सुरू झाला, २०१९ मध्ये. इतक्या अडचणीत एवढे धाडस दाखवणाऱ्या लोकांकडे शिकवायला जाते आहे, असे मला म्हणवत नाही.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण ते मी टाळणार नाही. तिथल्या परिचारिका परिषदेची परवानगी हवी. इथे जे करण्याचा मला अधिकार नाही, त्याचा अधिकार तिथे गेल्यावर मिळत नाही. रुग्ण गरीब आणि लांबचा आहे म्हणून तर मुळीच नाही. शेजारच्यांनी प्रेमाने उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणून दिल्या, त्या मी समजावून परत केल्या. दान दिलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यावर किमान वर्षभर तरी शिल्लक असावी, आणि मुळात ते तिथल्यांनी मागितलेले असावे, असा दंडक आहे. तो योग्यच आहे.

निघताना सगळे कोटणीसांचे नाव घेतात. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले. इतर परतले, ते राहिले, आणि १९४२च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्या शेजारी माझे नाव ठेवू नये, मी तर काही महिन्यांसाठी जाते आहे. मला त्यांच्या मरणापेक्षा त्यांचे शिकणे जवळचे वाटते. ते चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. मी सकाळच्या चहाबरोबर चिचेवा घोकते. ‘मुली ब्वान्जी’ आणि ‘झिकोमो’ केव्हाच पाठ झाले. पण बाळ दूध ओढते का, लघवी किती वेळा झाली, कळा कधीपासून आहेत, हे विचारता येईपर्यंत आणि त्याची उत्तरे कळेपर्यंत अजून बराच पल्ला आहे.

हातांची तयारी वेगळी. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात व्हायला हवी. बाहुलीच्या तोंडावर मास्क बसवून मी पुन्हा पुन्हा सराव करते, छाती वर येते का पाहते. इथे हाक मारली की माणूस धावून येतो. तिथे रात्री एकच सिस्टर असते.

तिथल्या मुख्य सिस्टरना मी विचारले होते, काय आणू? त्यांचे उत्तर आले, वस्तू नको. त्यांच्या हाताखालच्या दोघी मुली जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षणाला जायच्या आहेत, पण पाळ्या रिकाम्या राहतात म्हणून त्यांना सोडता येत नाही. मी रात्रपाळी धरली तर आधी एक जाईल, ती आली की दुसरी. मी होकार कळवला. फक्त त्या मुली निघण्याआधी आठवडाभर मला त्यांच्याच पाळीत ठेवा, अशी विनंती केली आहे, आणि कपाटात कोणते औषध कुठे असते त्याचा फोटो मागवला आहे.