चिन्ह नसलेला ब्राऊझर

प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलमध्ये ब्राऊझर आहे, पण त्याचं चिन्ह पडद्यावर कुठेही सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन वापराची माहितीपुस्तिका उघडली की ती ज्या चौकटीत दिसते, तोच तो. मित्राने संदेशातून पाठवलेल्या लिंकवर बटण दाबलं तरी तोच उघडतो. पत्ता लिहायला वर पट्टी नाही, शेजारी दुसरं पान उघडता येत नाही, काही डाउनलोड करून ठेवता येत नाही. निन्टेंडो स्विचमधला ब्राऊझर तर याहून आत दडलेला आहे. तो बोलावून येत नाही. त्याच्यावाचून यंत्राचं अडलं तरच येतो.

त्याचं अडतं ते माझ्या पानापाशी. मी पारोळ्यात राहून वाय-फायची लॉगिन पानं बनवतो. लॉज, वसतिगृहं, मंगल कार्यालयं आणि धुळे-जळगाव महामार्गावरची हॉटेलं यांचं वाय-फाय जोडल्यावर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं जे पान समोर येतं, ते. रेल्वे स्टेशनावर रेलवायरचं येतं तसंच. सार्वजनिक वाय-फाय कोण वापरतंय याची नोंद ठेवावी लागते, म्हणून हे पान टाळता येत नाही. फोनवर ते अर्ध्या मिनिटात उरकतं आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात सुरत, पुणे, नाशिकहून माणसं गावाकडे येतात, मुलांच्या बॅगेत स्विच किंवा प्लेस्टेशन असतं, आणि मग हॉटेलवाल्यांचे मला फोन सुरू होतात: पान पांढरंच राहतंय, बटण दाबलं जात नाहीये, चौकोन चौकोन दिसताहेत. निन्टेंडो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. आपल्याकडचे बहुतेक स्विच कुणी परदेशातून आणलेले किंवा दुकानदाराने आयात केलेले असतात, म्हणून विचारायला कंपनीचं मदत केंद्रही जवळ नसतं. जवळ असतो तो माझा नंबर.

हा ब्राऊझर जागा होतो कसा, ते सांगतो. स्विच वाय-फायला जोडला की तो निन्टेंडोच्या एका सर्व्हरकडे साधी, कुलूप नसलेली विनंती पाठवतो. उत्तराच्या माथ्यावर निन्टेंडोचं नाव असलेली एक ठरावीक ओळ यायला हवी. ती आली तर इंटरनेट मोकळं आहे. मध्येच आमच्या राऊटरने ती विनंती अडवून लॉगिन पानाकडे वळवली तर ती ओळ येत नाही, आणि या नेटवर्कवर नोंदणी करावी लागेल असं स्विच सांगतो. पुढे जायचं बटण दाबलं की दडलेला ब्राऊझर उघडतो. अँड्रॉइड आणि आयफोनसुद्धा अशीच चाचणी घेतात. आयफोनवर वाय-फाय जोडताना खालून वर येणारं छोटं पान हाही अपुराच ब्राऊझर आहे, फक्त त्याच्या शेजारी सफारी असल्यामुळे आपल्याला त्याची उणीव जाणवत नाही.

या चाचणीचाच उपयोग करून लोकांनी स्विचचा ब्राऊझर मुद्दाम बाहेर काढला. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर. सेटिंगमध्ये तो बदलून दुसऱ्याचा लावला, आणि त्या दुसऱ्याने निन्टेंडोच्या चाचणीचा पत्ता स्वतःचाच सांगितला, की स्विचला वाटतं आपण लॉजच्या वाय-फायवर आहोत. तो ब्राऊझर उघडतो आणि समोर शोधाची पेटी असलेलं पान येतं. युक्ती नवी नाही. २००५ मध्ये सोनीचा पीएसपी अमेरिकेत आला तेव्हा त्यात ब्राऊझर नव्हता, पण ‘वाइपआउट प्युअर’ या खेळात नवे ट्रॅक उतरवण्यासाठी एक छोटा ब्राऊझर आत बसवलेला होता. डीएनएस वळवून लोकांनी त्यावर हवी ती पानं उघडली. त्याच वर्षी सोनीने २.०० या आवृत्तीत पीएसपीला उघड ब्राऊझर दिला. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला त्यावर वाचायचं होतं, आणि ते त्याने करून दाखवलं.

मग कंपन्या लपवतात का? एक काळ त्या मिरवत होत्या. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये मोडेम होता आणि सोबत ब्राऊझर. निन्टेंडोच्या वीला ऑपेराचा ब्राऊझर होता. निन्टेंडो डीएसलाही ऑपेराच होता, पण डीएसची मेमरी अवघी ४ एमबी, त्यामुळे ब्राऊझरबरोबर जास्तीच्या मेमरीचं वेगळं कार्ट्रिज द्यावं लागलं. मेमरीची ही अडचण आजही पूर्ण सुटलेली नाही. खेळ चालू ठेवून ब्राऊझर उघडायचा तर खेळाने अडवलेली मेमरी सोडून उरलेल्या वाट्यात भागवावं लागतं, आणि चित्रांनी लदलेलं पान तिथे गुदमरतं.

खरं कारण मात्र सुरक्षिततेचं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा छडा लागला तेव्हा ते आयफोनच्या ब्राऊझरमधल्या, म्हणजे वेबकिटमधल्या, एका भोकातून शिरत असल्याचं उघड झालं. ॲपलने आयओएस ९.३.५ काढून ते बुजवलं. मार्च २०१७ मध्ये स्विच बाजारात आला आणि काही दिवसांतच संशोधकांनी दाखवून दिलं की त्याच्या दडलेल्या ब्राऊझरमध्ये तेच भोक तसंच उघडं आहे. प्लेस्टेशन ४ चं कुलूप तोडण्याच्या अनेक वाटाही ब्राऊझरमधूनच सुरू झाल्या. ब्राऊझर हा कुणाचाही मजकूर आणि कुणाचाही प्रोग्राम आत घेणारा दरवाजा. त्याची डागडुजी दर महिन्याला करायची नसेल, तर तो झाकून ठेवणं कंपनीला स्वस्त पडतं. जावास्क्रिप्ट वेगाने चालवायची जी सोय फोनच्या ब्राऊझरमध्ये असते, तीही कन्सोलवर याच भीतीने सहसा बंद ठेवतात. म्हणून पान रेंगाळतं. पण हे अशक्य होतं असं मात्र कुणी म्हणू नये. एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये क्रोमियमवर आधारलेला पूर्ण एज ब्राऊझर दिला आणि त्याचं चिन्हही समोर ठेवलं. सोनी आणि निन्टेंडोने ती जबाबदारी घ्यायची नाही असं ठरवलं.

त्यांनी ठरवलं ते ठरवलं. माझ्या हातात पान आहे. दडलेल्या ब्राऊझरच्या मर्यादा मी बदलू शकत नाही, पण त्या ब्राऊझरपुढे काय ठेवायचं हे मीच ठरवतो, आणि माझं ठाम मत आहे की लॉगिनसारखं पान जर तिथे अडलं तर तो पान बनवणाऱ्याचा प्रश्न आहे.

पांढऱ्या पानापासून सुरुवात करू. आजकालची पानं रिकामी येतात आणि सगळा मजकूर जावास्क्रिप्ट नंतर भरते. ब्राऊझर काही वर्षं जुना असेल आणि प्रोग्राममध्ये त्याला न कळणारं एक चिन्ह जरी आलं, तरी तो सगळी फाइलच नाकारतो. मजकूर भरणारंच कुणी उरत नाही. उपाय अगदी जुना आहे. नंबर लिहायची पेटी आणि पुढे पाठवायचं बटण ही फॉर्मची सोय एचटीएमएलमध्ये १९९५ पासून प्रमाणित आहे, आणि ती जावास्क्रिप्टशिवाय चालते. माझं पान राऊटरकडून तयार होऊनच येतं. जावास्क्रिप्ट असली तर वरची सजावट, नसली तरी नोंदणी पूर्ण.

दुसरी गोष्ट या कामातली नवी मुलं-मुली हमखास विसरतात: लॉगिन होण्याआधी बाहेरचं जग बंद असतं. पानावर गूगलचा फॉन्ट मागवला, बाहेरच्या सर्व्हरवरची तयार फाइल जोडली, माणूस आहे की यंत्र हे तपासणारं कोडं टाकलं, तर यातलं काहीच येणार नाही, कारण ज्या इंटरनेटवरून ते यायचं ते मिळवण्यासाठीच तर हे पान आहे. फोनवर मोबाइल डेटा चालू असतो, म्हणून ही चूक कधी कधी झाकली जाते. कन्सोलला सिमकार्ड नसतं. म्हणून जे लागेल ते सगळं राऊटरमध्येच ठेवायचं आणि हलकं ठेवायचं. पैसे घ्यायचे असतील तर यूपीआयचं ॲप कन्सोलवर उघडणार नाही. पडद्यावर क्यूआर कोड दाखवावा आणि पाहुण्याने तो फोनने स्कॅन करावा.

तिसरी गोष्ट हाताची. कन्सोलवर माणूस बोटाने नाही, बाणांच्या बटणांनी फिरतो. स्विच हातात धरला तर स्पर्श चालतो, टीव्हीला जोडला की तोही गेला. निवडलेल्या बटणाभोवती ब्राऊझर जी कड दाखवतो ती पुष्कळ डिझायनर देखणेपणासाठी काढून टाकतात; मग आपण पानावर कुठे उभे आहोत हेच कळत नाही. मी ती कड जाड आणि गडद ठेवतो. हा धडा मला कन्सोलने नाही, जिओफोनने शिकवला. २०१७ मध्ये तो आला तेव्हा पंधराशे रुपयांच्या अनामतीवर पारोळ्याच्या बाजारात, शेतात, एसटी स्टँडवर ज्याच्या त्याच्या हातात दिसू लागला. २४० बाय ३२० चा पडदा, स्पर्श नाही, बाणांची कळ. त्यावर चालेल असं पान करताना जे जे सांभाळलं, ते पुढे पन्नास हजारांच्या प्लेस्टेशनलाही जसंच्या तसं लागू पडलं. अक्षरं टाइप करणंही दोन्हीकडे जिकिरीचं. म्हणून नाव, पत्ता, ई-मेल असलं काही विचारायचं नाही. फक्त आकडे मागायचे आणि पेटीवर तसं नोंदवायचं, म्हणजे पडद्यावर आकड्यांचाच कीबोर्ड येतो. ओटीपी पाहुण्याच्या फोनवर येतो, तो बघून कन्सोलवर टाकायचा. नवी खिडकी उघडणारी लिंक तर कधीच द्यायची नाही. काही ठिकाणी ती उघडत नाही आणि काही ठिकाणी मागे फिरायला वाट राहत नाही.

आणि आता चौकोन. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. स्विचच्या यंत्रणेत रोमन, जपानी, चिनी, कोरियन लिपींचे फॉन्ट आहेत, देवनागरीचा नाही. मराठीत लिहिलेलं पान तिथे रिकाम्या चौकोनांची रांग होऊन येतं. फॉन्ट पानासोबत पाठवता येतो, पण तेवढ्याने काम संपत नाही. युनिकोडमध्ये ‘निवास’ साठवताना आधी न येतो आणि मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षर तर तीन-चार खुणा एकत्र करून नवा आकार घडवतं. ही जुळवाजुळव ब्राऊझरच्या आत व्हावी लागते, आणि दडलेल्या ब्राऊझरमध्ये ती होईलच अशी खात्री धरून मी पान देऊ शकत नाही. मोडकी वेलांटी पाहण्यापेक्षा इंग्रजी बरं, असं म्हणून बहुतेक जण मराठी सोडून देतात. मी सोडत नाही.

मार्ग मला माहीत होता. पहिल्या नोकियावर ऑपेरा मिनी वापरलेल्यांना आठवेल: मराठी पान उघडलं की हेच चौकोन दिसायचे. मग पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ लिहून पुढे अपूर्णविराम दिला की सेटिंगचं एक छुपं पान उघडायचं, आणि त्यात अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय चालू करता यायचा. ऑपेराचा सर्व्हर मग मराठी मजकुराचं चित्र करून पाठवायचा आणि फोनला लिपी येत नसली तरी वाचणाऱ्याला मराठी मिळायची. कॉलेजच्या वयात ही युक्ती आम्ही एकमेकांना अमळनेरच्या एसटीत बसून शिकवली. आज मी तेच करतो. ‘आपला मोबाइल नंबर लिहा’ आणि ‘आलेला ओटीपी लिहा’ या दोन ओळी मी चित्र म्हणून राऊटरमध्ये ठेवतो, आणि चित्रामागे तोच मजकूर अक्षरांतही देतो, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं अडत नाही. चित्र जुन्यातल्या जुन्या ब्राऊझरला काढता येतं. इंग्रजी ओळ खाली, लहान.

डीएनएस बदलून ब्राऊझर उघडणाऱ्या मुलांच्या पालकांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. कुणा अनोळखी माणसाचा डीएनएस लावला की तुमच्या यंत्राला कुठला पत्ता सांगायचा हे तो ठरवतो. गंमत म्हणून पान उघडा, वाचा. पण तिथे बँकेचा, ई-मेलचा, कशाचाही पासवर्ड टाकू नका. आणि काम झालं की डीएनएस पुन्हा ऑटोमॅटिकवर ठेवा, नाहीतर स्विचची पुढची प्रत्येक चाचणी तिकडेच वळेल आणि निन्टेंडोचं दुकान उघडणार नाही.

जुन्या यंत्रांपुढे चांगलं पानसुद्धा हरतं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, पानांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, आणि नवं मूळ प्रमाणपत्र ज्यांच्या पोटात नव्हतं अशा कित्येक जुन्या उपकरणांना कुलूपबंद पानं दिसेनाशी झाली. निन्टेंडो थ्रीडीएस आणि प्लेस्टेशन ३ साठी म्हणून मी पानाचा नाद सोडतो आणि दुसरी सोय करतो. प्रत्येक कन्सोलला मॅक पत्ता नावाचा बारा अंक-अक्षरांचा क्रमांक असतो आणि तो इंटरनेटच्या सेटिंगमध्ये दिसतो. हॉटेलच्या नोंदवहीत मी त्यासाठी एक रकाना आखून घेतला आहे. पाहुण्याची ओळख तर काउंटरवर झालेलीच असते. मॅनेजरने तो क्रमांक राऊटरच्या यादीत टाकला की त्या कन्सोलला लॉगिन पान लागतच नाही. असा क्रमांक दुसऱ्या यंत्रावर नक्कल करता येतो, म्हणून नोंदीला मुदत घालतो: खोली सोडायच्या दिवशी दुपारी बारापर्यंत.