मधुबाज नक्की कुणाचा?

वाकडी, अणकुचीदार चोच दिसली की आपण म्हणतो, हा शिकारी पक्षी! स्वीडनच्या लिनियसनंही १७५८ साली साधारण तसंच केलं. घारी, गरुड, ससाणे, गिधाडं, घुबडं सगळी एका गटात. आणि गंमत म्हणजे त्यांच्यात बुलबुलाएवढा खाटिकही! मधुबाजाचा युरोपातला भाऊ तर त्यानं थेट ससाण्यांच्या कुळात टाकला. १८१६ मध्ये फ्रान्सच्या कुविएनं त्याला वेगळं कुळ दिलं, ‘पर्निस’.

आपला मधुबाज मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर. टाकीखाली हातभर लांब आग्या मोहोळ लटकत होतं. तपकिरी पक्षी झेपावला, पोळ्याचा लचका तोडला आणि समोरच्या झाडावर निवांत खात बसला. माश्या चवताळलेल्या, आम्ही खिडक्या लावून आत! शेजारचे आजोबा म्हणाले, “गरुड.” नात म्हणाली, “छे, घार!” आजोबांनी डोळे वटारले, पण ती काही मागे हटेना. संध्याकाळी मोहोळ जाळून टाकायची भाषा सुरू झाली, तेव्हाही तीच आडवी आली. “मग तो खाणार काय?”

खरं तर मध नव्हे, पोळ्यातल्या अळ्या हे त्याचं मुख्य खाणं. रंगावरून मात्र त्याला ओळखायला जाऊ नका, फसाल. एखादा जवळजवळ काळा, एखादा पांढुरका, तर एखादा पट्ट्यापट्ट्यांचा. बघायचं ते डोकं, कबुतरासारखं लहानसं. डोळा आणि चोच यांच्यामध्ये खवल्यांसारखी घट्ट पिसं असतात. माश्यांच्या डंखांपुढे चिलखतच ते! नख्याही गरुडाइतक्या वाकड्या नाहीत, उकरायला सोयीच्या.

आता शास्त्रज्ञ चोचीबरोबर डीएनएही तपासतात, आणि त्यातून भलतीच नाती निघाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ससाणे हे घारी-गरुडांपेक्षा पोपटांच्या आणि चिमणी-कावळ्यांच्या जवळचे ठरले! मधुबाज मात्र घारी-गरुडांच्याच मोठ्या घराण्यात राहिला. पण त्या घराण्यात त्याचं जवळचं नातं कुणाशी, माहीत आहे? मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या पांढऱ्या गिधाडाशी!

आग्या मोहोळ कुठे दिसलं तर लांबूनच लक्ष ठेवा बरं का, जवळ मुळीच जायचं नाही. पोळ्याची कड तुटलेली दिसली, तर आसपासच्या उंच झाडांवर नजर फिरवा. आणि नाव आठवलं नाही, तर वहीत निदान त्याच्या डोक्याचं चित्र काढा.