सुपातले, सुपाबाहेरचे

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या घरात सूप निघते. एरवी वर्षभर ते माळ्यावर, जुन्या पाट्यावरवंट्याच्या शेजारी, सेवानिवृत्त शिक्षकासारखे पडून असते. हल्ली धान्य निवडलेले, पाखडलेले, चकाचक पिशवीत बांधलेले मिळते. पण त्या पिशव्यांवर माझ्या आईचा विश्वास नाही. चकलीच्या भाजणीसाठी हरभऱ्याची डाळ ती गावाकडून मागवते. ती घरच्या जात्यावर भरडलेली असते, आणि म्हणून तिच्यात डाळीइतकीच टरफलेही असतात.

यंदा आईने गॅलरीत बैठक मांडली. आम्ही बेशाला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आई पाखडू लागली आणि टरफले कठड्याच्या जाळीतून अलगद खाली उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाळत घातलेल्या साड्यांवर ती विसावली. काकूंनी मान वर करून विचारले, "आजी, फराळ आतापासूनच पाठवून राहिल्या का?"

हा प्रसंग निभावून नेणे घरातला कर्ता पुरुष म्हणून मला भाग होते. मी आईला दिवाणखान्यात आणले, समोर टेबलफॅन ठेवला आणि म्हणालो, "तू बस. मी करतो. यंत्रयुग आहे." पंखा तीनवर लावून मी सूप उंच धरले आणि डाळ सोडली. पुढच्या क्षणी डाळ आणि टरफले, दोघेही मोठ्या गुण्यागोविंदाने समोरच्या भिंतीपाशी जाऊन पडले. मुले टाळ्या वाजवू लागली. पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्ही कादंबरीच लिहा बरं!"

आईने सूप माझ्या हातून घेतले. "बाबू," ती म्हणाली, "वाऱ्याले माप लागते. कमी झाला तर भूस राहून जाते, जास्त झाला तर दाणाही चालला जाते."

मग तिने सगळी डाळ पुन्हा पाखडली. आणि पाखडून झाल्यावर, आम्ही केरात टाकायला निघालो होतो तो टरफलांचा ढीगही तिने जवळ ओढला व तोही एकदा सुपातून काढला. त्यातून ओंजळभर डाळ निघाली. पत्नीला राहवले नाही. "आई, एवढ्याशा डाळीसाठी अर्धा तास?" आई मान वर न करता म्हणाली, "पयल्या खेपेले सूप चुकते, माय."

हे वाक्य मी त्या दिवशी ऐकले आणि सोडून दिले. पुढे दोनच दिवसांनी ते माझ्याकडे परत येणार होते.

आज बेसा म्हटले की उंच इमारती, औषधांची दुकाने आणि संध्याकाळची मोटारींची रांग डोळ्यांपुढे येते. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८५-९०च्या सुमारास, बेसा हे नागपूरच्या दक्षिणेचे एक खेडे होते. पिपळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही अंगांना शेते होती आणि फाल्गुन-चैत्रात गव्हाची खळी पडत. मळणी झाली की उफणणी. एक गडी तिवईवर चढून टोपले डोक्याच्या वर धरी आणि सगळे वाऱ्याची वाट पाहत उभे राहत. वारा पडला की विड्या निघत. वारा सुटला की कोणीतरी ओरडे, आणि टोपले हळूहळू रिते होऊ लागे. भरला दाणा थेट पायाशी पडे. पोचट दाणा हातभर पुढे. भूस त्याच्याही पुढे. आणि अगदी बारीक धूळ असे ती पडतच नसे. उन्हात सोनेरी दिसत ती तरंगत कुठल्या कुठे निघून जाई.

मला तेव्हा वाटे, वारा हुशार आहे. त्याला दाणा कोणता, भूस कोणते हे कळते. वाऱ्याला काहीही कळत नाही हे मला फार उशिरा समजले. तो सगळ्यांना सारखाच ढकलतो. दाण्याला वजन अधिक आणि अंग आटोपशीर, म्हणून तो ढकलला जायच्या आत खाली येतो. भुसाला अंग मोठे आणि वजन नाही, म्हणून ते वाहवत जाते. बारीक कणाची गोष्ट तर आणखी गमतीची. आयर्लंडमध्ये जन्मलेला गणिती स्टोक्स याचा १८५१ सालचा नियम असा की अशा कणाचा व्यास निम्मा केला तर त्याचा पडण्याचा वेग निम्मा होत नाही, पाव होतो. दहा मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा मातीचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे आठ मिलिमीटर उतरतो. पुरुषभर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला चारेक मिनिटे लागतात. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा कण घेतला तर तेवढ्याच उंचीवरून उतरायला त्याला सहा-सात तास हवेत. तोवर कोणी दार उघडले, की स्वारी पुन्हा वर!

पण वारा हे सुपाचे अर्धेच शास्त्र. आई पाखडते, आसडते आणि मध्येच सूप आडवे धरून गोल घोळते. घोळताना जड खडे एकीकडे जमतात आणि हलके दुसरीकडे. वारा आणि फेरा, या दोन गोष्टींनी जगातले बारीक आणि जाडे वेगळे करता येते. हे माझ्या आईला ठाऊक होते. मला ते एका डाळमिलच्या छपरावर कळले.

झाले असे की पंख्याचा प्रयोग फसल्यामुळे डाळ थोडी कमी पडली आणि ती आणायला मी कळमन्याकडे गेलो. तिकडे धान्याचा मोठा बाजार आहे आणि आसपास डाळमिलीही आहेत. एका मिलच्या दारात निळ्या सदऱ्यातला एक तरुण पुढे आला आणि माझ्या पायाशी वाकला. "सर, ओळखलं नाही का?"

मी ओळखले होते. ओळखले होते म्हणूनच क्षणभर बोललो नाही.

तो त्या मिलचा मिस्त्री होता. "या सर, आमची मिल तर पाहून जा," म्हणून त्याने मला आत नेले. तूर कशी भिजवतात, वाळवतात, रोलरमध्ये तिची साल कशी निघते, चुनी वेगळी होऊन ढोरांच्या खाद्याला कशी जाते, हे सगळे त्याने दाखवले. मग लोखंडी शिडीने आम्ही वर गेलो. तेथे पत्र्याचे एक भले मोठे नरसाळे उभे होते. वर डबा, खाली निमुळता शंकू. "हा सायक्लोन, सर. वादळ आहे आतमध्ये. पण हलणारा एकही भाग नाही."

धुळीने भरलेली हवा त्या डब्यात मधून शिरत नाही, कडेने शिरते. त्यामुळे ती भिंतीला धरून गरगर फिरू लागते. फिरता फिरता जड कण बाहेर फेकले जातात, भिंतीला लागतात आणि घसरत खालच्या पोत्यात उतरतात. शंकूच्या टोकाशी हवा उलटते आणि मधोमध उभ्या नळीतून वर निघून जाते. हवेचा वेग सेकंदाला पंधरा मीटर आणि डब्याची त्रिज्या अर्धा मीटर धरली, तर कणाला बाहेर ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या पंचेचाळीसपट होतो. जे काम खळ्यात पृथ्वी एका पटीने करते, ते येथे पंचेचाळीस पटींनी होते. म्हणून येथे वाऱ्याची वाट पाहत विड्या ओढाव्या लागत नाहीत.

या युक्तीचे एकस्व अमेरिकेत १८८५ साली घेतले गेले, तेही पिठाच्या गिरण्यांच्या धुळीपायी. पिठाची धूळ निरुपद्रवी दिसते, पण हवेत दाटली की ठिणगीने स्फोट पावते. १८७८ सालच्या मे महिन्यात मिनिआपोलिस शहरातली एक प्रचंड गिरणी अशीच उडाली आणि अठरा माणसे गेली.

"मग यात सगळी धूळ धरली जाते?" मी विचारले.

"नाही ना सर! जाडी धरली जाते. एकदम बारीक असते ते हवेसोबत वर निघून जाते. ते धरायला पुढे कापडाच्या पिशव्या लागतात." आणि मग तो सहज म्हणाला, "अन् एक मधल्या मापाचा कण असते. त्याचं काही सांगता येत नाही. तसे शंभर सोडले, तर पन्नास वर जातात, पन्नास खाली. कण सारखाच. कोण कुठून आत शिरला, कोणाचा धक्का कोणाला लागला, त्याच्यावर आहे."

मी शिडीचा कठडा धरून उभा राहिलो. पंधराएक वर्षांपूर्वीची एक दुपार मला आठवली.

मी चित्रकलेचा शिक्षक. स्वतः दहावीच्या पुढे गेलेला नाही. जुन्या भाषेत मॅट्रिक. हातात रेषा होती म्हणून चित्रकलेची पदविका मिळाली, आणि शाळेत चिकटलो. त्या वर्षी आमच्या शाळेत आठवीच्या दोन तुकड्या करायच्या ठरल्या. पहिली साठ मुले 'अ'मध्ये, उरलेली 'ब'मध्ये. यादी करायचे काम माझ्याकडे आले, कारण माझे अक्षर चांगले! साठाव्या जागेवर दोन मुले होती. दोघांचे गुण एक. मी क्षणभर थांबलो. एकाची वही मला आठवली, नीटनेटकी, समास आखलेली. दुसऱ्याची वही मला आठवलीच नाही. मी पहिल्याचे नाव साठावे लिहिले आणि खाली रेघ ओढली. छान, सरळ रेघ. मला रेघा चांगल्या येतात.

त्या रेघेखालचे पहिले नाव याचे होते.

'ब' तुकडीला गणिताला निम्मे वर्ष शिक्षक नव्हता. मुलांना आपण 'ब' आहोत हे लवकर कळते आणि मग ती तसे वागूही लागतात. हा मुलगा दहावीनंतर शाळेच्या कोणत्याच आठवणीत नव्हता. कोणी म्हणेल, झाले ते काही वाईट नाही झाले, चांगला कारागीर झाला. खरे आहे. त्याच्यासारखा मिस्त्री त्या मिलला शोधून मिळणार नाही. पण तो जे झाला ते त्याच्या हिमतीवर, आणि मी जे केले ते माझ्या हाताने. या दोन गोष्टी मला एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत.

खाली उतरून आम्ही चहा घेतला. मधली दोन वर्षे तो एका वीजकेंद्रात कंत्राटी कामावर होता. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथे दगडी कोळशावर वीज होते, हे आपल्याला ठाऊक असते. पण कोळसा भट्टीत जाण्याआधी तोंडाला लावायच्या पावडरीसारखा बारीक दळतात, हे मला ठाऊक नव्हते. तो सांगत होता, "त्या चक्कीच्या डोक्यावरही असंच फिरणारं चाळण आहे, सर, हवेचं. बारीक झाला तो कोळसा भट्टीत जाते. जाडा राहिला तो परत चक्कीत पडते. पुन्हा दळते, पुन्हा वर येते. दहा वेळा आला तरी चालते. फेकत कोणी नाही."

तो हे यंत्राविषयी बोलत होता. यादीचे त्याला ठाऊक असेल का? मी विचारणार होतो. कप खाली ठेवताना मी म्हणालोही, "अरे, तुझ्या आठवीच्या वेळी..." पण तेवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली, पट्टा सुटला होता. तो "आलोच सर" म्हणून धावला. जाताना माझी डाळ मात्र त्याने स्वतः तोलून, स्वतः बांधून दिली होती. मी बराच वेळ थांबलो. मग निघून आलो.

आपल्याकडे म्हण आहे, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. म्हण करणाऱ्याने दोघांचा विचार केला. तिसरा सुपाबाहेर पडलेला असतो, त्याचे नाव म्हणीत नाही.

घरी आलो तेव्हा आई भाजणी भाजायला बसली होती. आमच्या शाळेत आता दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा एक यादी व्हायची आहे. शिष्यवृत्तीच्या जादा तासांना कोणाला घ्यायचे, त्याची. कच्ची यादी माझ्या पिशवीत होती आणि खाली रेघ ओढलेली होती. मी ती काढून जेवणाच्या टेबलावर पसरली. रेघेच्या खालची नावे एकेक वाचू लागलो. पाच नावांवर मी थांबलो, कारण त्यांच्या वह्या मला आठवत नव्हत्या. त्या पाचांना सुटीनंतर पुन्हा एकदा बसवून पाहायचे, असे मी समासात लिहिले. मुख्याध्यापकांशी त्यावरून वाद होईल. होऊ दे. आणि पुढच्या आठवड्यात फराळाचा डबा घेऊन मला कळमन्याला जायचे आहे. अर्धे राहिलेले वाक्य पुरे करायचे आहे.

"काय पाहून राहिला एवढं?" आईने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "पाखडलेलं पुन्हा पाहतो आहे."

आईने नुसती मान हलवली आणि कढईतली डाळ परतली. घरभर भाजणीचा खमंग वास सुटला होता. त्या वासाला गॅलरी कळत नाही आणि मजलाही कळत नाही. थोड्याच वेळात खालून काकूंची हाक आली, "आजी, आता मात्र खरंच पाठवा बरं!"